सालेकसा ते बोदलकसा एवढी लांब गाडी

सालेकसाच्या योगराज पटलेंकडे वडिलांनी घेतलेली एक जुनी अँबेसेडर होती आणि ती व्यवस्थित चालत होती. सगळं दुखणं तिथूनच सुरू झालं. बिघडलेली गाडी माणूस दुरुस्त करतो आणि गप्प बसतो. चालणाऱ्या गाडीत मात्र त्याला सुधारणा सुचतात.

या गाडीचं गावाला काम एकच होतं. लग्नसराईत नवरदेव तिच्यात बसायचा, पुढे बँड वाजायचा, आणि बँडवाल्यांच्या मागे गाडी त्यांच्याच चालीनं वेशीपासून मांडवापर्यंत जायची. नाचणारे थांबले की बँड थांबे, बँड थांबला की गाडी थांबे. योगराजचे वडील केशोराव स्वतः चालवत, आणि उभ्या हयातीत त्यांना दुसऱ्या गियरच्या वर जावं लागलं नाही. आता त्यांचे हात थरथरत, म्हणून ते अंगणातल्या उभ्या गाडीच्या मागच्या सीटवर दुपारची डुलकी काढत. शेजारी बसून अभ्यास करत त्यांची नात रुचिका शाळा आणि कॉलेज दोन्ही पास झाली.

आमगावच्या भूपेंद्र बिसेनशी रुचिकाचं लग्न ठरलं, तेव्हा तिनं बापाकडे एकच गोष्ट मागितली.

"बाबा, मले काही नोको. सासरी जाईन तं आज्याच्या गाडीत, त्याच सीटवर बसून जाईन."

योगराज हो म्हणाले. हो म्हणायला काय लागतं?

साखरपुड्याला व्याही गजेंद्र बिसेन आले. त्यांची गाडी एवढी उंच, की उतरताना ते आधी एक पाय खाली सोडून जमीन चाचपत. त्यांनी अँबेसेडरभोवती एक चक्कर मारली, बोनटवर टकटक केली आणि विचारलं, "किती सीसी हाय जी?"

योगराजला माहीत नव्हतं. कालपरवापर्यंत या भागात गाडीबद्दल दोनच प्रश्न असत: कितीले घेतली, आणि किती जण मावतात. आता हा तिसरा आला होता आणि त्यानं आधीच्या दोघांना हाकलून दिलं होतं. ज्याच्या दारापर्यंत धड रस्ता नाही तोसुद्धा शेजाऱ्याला सीसी विचारत होता, आणि शेजारी सांगताना दोनचारशे चढवून सांगत होता. योगराजनं कागद काढून खरा आकडा वाचला.

"असं का," गजेंद्रराव म्हणाले आणि पोहे खायला बसले.

मुलीच्या बापाला व्याह्याची शिवी पचते. "असं का" पचत नाही. योगराजला ते रात्रभर घशाशी येत राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी गोंदियाला मुन्ना मिस्त्रीकडे नेली.

मुन्नाची या धंद्यात फार कीर्ती होती. त्यानं हात लावलेली गाडी पुन्हा दुसऱ्या कुणाच्या हाती सुधरत नसे. त्यानं इंजिन ऐकलं, मान हलवली. "भैया, बॉडी हाथी की है, दिल चूहे का. रायपूरच्या भंगारातून मिनीट्रकचं इंजिन आणतो. बघा मग."

"बँडच्या मागंच तं चालते गाडी," योगराज एकदा पुटपुटले.

"बँडच्या मागेच चालणार. पण पॉवरनं चालणार."

हा युक्तिवाद बिनतोड होता. योगराजनं किल्ली त्याच्या हातात ठेवली.

इंजिन आलं. ते लांब होतं, म्हणून मुन्नानं पुढची जाळी कापली. उंचही होतं, म्हणून बोनट काढून बाजूला ठेवलं. तरी ते मावेना, म्हणून इंजिन आणि माणूस यांच्यामधली पत्र्याची भिंत मागे सरकवली. भिंत सरकली म्हणून स्टिअरिंग मागे आलं, स्टिअरिंग आलं म्हणून चालवणाऱ्याची सीट मागे गेली, आणि ती जिथे गेली तिथे आधी केशोरावांची मागची सीट होती. वजनानं गाडीचं तोंड जमिनीकडे झुकलं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, ते आतापर्यंत लोकांनी नुसतं ऐकलं होतं.

गाडी घेताना योगराजनं आत डोकावून पाहिलं. "मुन्ना, मागं बसायचं कुठी?"

"बसायचं पण होतं का?" मुन्नाला खरोखर आश्चर्य वाटलं. "तुम्ही तर इंजिन बोलले होते."

जुनं इंजिन मुन्नानं बदल्यात ठेवून घेतलं आणि बोदलकसाला आपल्या मेहुण्याकडे पाठवलं. तिथे ते पंपाला जोडलं गेलं आणि उन्हाळी धानाला निमूटपणे पाणी देऊ लागलं.

गावात गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा शेजारच्या फळीवरची भांडी खाली आली. इंजिन मोठं होतं, ब्रेक जुनेच होते. गाडी सुटली ती थेट शेजाऱ्याच्या तणसीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात जाऊन थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "पॉवर हाय बाप्पा," असं ज्याची तणीस गेली तोही म्हणाला. मग एकेक जण जवळ येऊन हळूच सीसी विचारू लागला, आणि योगराज त्याच्या कानात आकडा सांगू लागले. ऐकणारा डोळे मिटून मान डोलवी. देवळातही हल्ली इतक्या श्रद्धेनं कुणी डोळे मिटत नाही.

काढलेली सीट ओसरीवर टेकवून ठेवली होती. केशोराव आता तिच्यावर बसत आणि समोरच्या धुडाकडे बघत. रुचिका बाहेरून आली, आज्याच्या शेजारी बसली आणि गाडीत डोकावणाऱ्या बापाला म्हणाली, "बाबा, मग मी कुठी बसू?"

"होते ना बेटा काहीतरी."

"बसवा तिले इंजिनावर," रुचिकाची आई नंदाबाई आतून म्हणाली. "कढईसारखं तं तापते ते."

योगराजला त्या दिवशी लाज वाटली. मनापासून वाटली, हे त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवायला हवं. ते मुन्नाकडे गेले आणि म्हणाले, सगळं होतं तसं करून दे. अर्धी गाडी कुणाला न विचारता कापून काढणाऱ्या मुन्नानं आता कानाला हात लावला. परवानगीशिवाय आपण स्क्रूलाही हात लावत नाही, असं तो म्हणाला. म्हणून योगराज गोंदियाच्या वाहनबदल मान्यता कक्षात जाऊन उभे राहिले.

कक्षातल्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "इंजिन बदलण्यापूर्वी परवानगी घ्यायची असते."

"चुकलं साहेब. आता घेतो."

"आता बदल झालेला आहे. पूर्वी कशी घेणार? वरातीमागून घोडं इतर खात्यांत चालत असेल."

"म्हणून तं जुनं इंजिन परत बसवतो म्हणून राहिलो."

"तोही बदलच. त्यालाही पूर्वपरवानगी. आणि ती देण्यापूर्वी वाहन मूळ स्थितीत तपासावं लागतं. मूळ इंजिन कुठे आहे?"

"बोदलकसाले. पंपावर."

साहेबांनी पहिल्यांदा पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुमचं वाहन बोदलकसात आहे."

"गाडी सालेकसाले हाय जी. इंजिन तिकडं हाय."

"इंजिन नोंदीप्रमाणे गाडीतच आहे. सांगाडा सालेकसात आणि त्याच्याच आतलं इंजिन बोदलकसात, याचा अर्थ एकच निघतो. वाहन सालेकसापासून बोदलकसापर्यंत सलग उभं आहे." त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून पाहिली. "मध्ये अख्खं गोंदिया शहर येतं. रेल्वेचे रूळसुद्धा येतात. वाहतुकीला किती अडथळा होतोय, कल्पना आहे तुम्हाला?"

"पन रस्ता तं मोकळाच हाय साहेब. मी त्याच रस्त्यानं आलो."

"म्हणजे तुम्ही स्वतःच्याच वाहनाला न धडकता आलात. चांगलं चालवता. शिवाय प्रवासी वाहन शेतीला पाणी देतंय, तो वेगळा विषय."

योगराजनं हात जोडले. पोरीची विदाई आहे, तिला त्या गाडीतून जायचं आहे, एवढं एकच तिनं मागितलं आहे, असं त्यांनी सांगितलं. साहेबही माणूसच होते. त्यांनी नियम उलटसुलट चाळून एक वाट काढली. निर्णय होईपर्यंत नवं इंजिन सुरू करायचं नाही आणि काढायचंही नाही, मात्र वाहन हातांनी ढकलायला कक्षाची हरकत नव्हती. ढकललेलं वाहन हातगाडी ठरतं आणि हातगाड्या त्यांच्या अखत्यारीत नव्हत्या.

लग्न लागलं. विदाईची वेळ आली. धुऊन पुसलेल्या गाडीला झेंडूच्या माळा घातल्या, उघड्या इंजिनाला हळदकुंकू लावलं. योगराज स्टिअरिंगवर बसले. मागे गजेंद्ररावांनी फेटा सावरून खांदा लावला, कारण एवढ्या मोठ्या इंजिनाला खांदा द्यायचा मान त्यांना दुसऱ्या कुणाकडे जाऊ द्यायचा नव्हता. पूर्वीची गाडी दोघांच्या धक्क्यानं हलली असती. हिला दोन्हीकडचे पाहुणे, आचारी आणि शेवटी भटजीही लागले. पण काय सांगावं, पुढे बँड सुरू झाला आणि गाडी त्याच्या मागे अगदी पूर्वीच्याच चालीनं निघाली. बंद आहे हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. लोक इंजिनाचे फोटो काढत होते. बायका पोरांना उचलून इंजिन दाखवत होत्या. घामानं निथळणारा एक पाहुणा धापा टाकत म्हणाला, "पॉवर वेगळीच हाय," आणि सगळ्यांनी मिळून आणखी जोर लावला. असं ढकलत ढकलत मंडळी वेशीजवळ आली, तेव्हा फुलं उधळायला म्हणून योगराजच्या बहिणीनं खिडकीतून आत पाहिलं.

"दादा," ती म्हणाली, "नवरी कुठी हाय?"

बँड थांबला. मागचे हात सुटले. मंडळी एकमेकांकडे बघू लागली.

नवरी केव्हाच गेली होती. मंडळी इंजिनाला हळदकुंकू लावत असताना नंदाबाईनं ओसरीवरची सीट धान वाहायच्या ट्रॉलीत ठेवायला लावली, तिच्यावर चादर अंथरली, एका टोकाला रुचिकाला आणि दुसऱ्या टोकाला केशोरावांना बसवलं. भूपेंद्र नवरदेवाच्या कपड्यांतच ट्रॅक्टरवर चढला आणि मागच्या वाटेनं आमगावकडे निघाला. बापाला सांगून यावं म्हणून रुचिका उतरून गर्दीपर्यंत आली होती. पण तो कुणाच्या तरी कानात आकडा सांगत होता, म्हणून ती तशीच फिरली. ट्रॉलीत तिनं आज्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि पोटभर रडून घेतलं.

योगराज स्टिअरिंगवरून उठले नाहीत.

आता तुम्ही त्यांना हसणार, व्याह्यांना हसणार आणि साहेबांना तर हसणारच. हसा. पण नवरी घरून निघाली का, हे या वरातीत वेशीपर्यंत तुम्हीही विचारलं नाहीत. इंजिनाचा आकडा शेवटपर्यंत सांगितलाच नाही, एवढं मात्र तुमच्या बरोबर लक्षात राहिलं असेल. तेव्हा उभे राहू नका, मागून हात लावा. गाडी अजून घरी न्यायची आहे.