प्राध्यापक ओकांचा सत्कार

"बाबा, ओक म्हणजे आपलेच ना?" चारुदत्तने मोबाइल सासऱ्यांच्या पुढ्यात धरला.

लिमरिकच्या स्थानिक पेपरात बातमी होती : यांत्रिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक एस. एच. ओक प्रदीर्घ सेवेनंतर निवृत्त. पद्माकरराव मागच्या मार्चमध्ये लेकीकडे दोन महिन्यांसाठी म्हणून आले आणि लॉकडाउनमुळे या फेब्रुवारीतही इथेच होते. वर्षभरात त्यांना नातं जोडायला एकही नवा माणूस मिळाला नव्हता. ते खुर्चीत ताठ बसले.

"आपलेच म्हणजे काय! एस. एच. म्हणजे श्रीधर हरी. अलिबागकडचे असणार."

"पण स्पेलिंगमध्ये 'ए' नाहीये, बाबा. नुसतं ओ आणि के."

"अरे, इतकी वर्षं परदेशात काढल्यावर एखादं अक्षर गळणारच."

मराठी मंडळाचा नवा सचिव म्हणून चारुदत्तला मराठी भाषा दिनाच्या ऑनलाइन कार्यक्रमासाठी प्रमुख पाहुणा हवाच होता. आदल्या वर्षीच्या सचिवाने थेट पुण्याहून एक नट आणला होता, त्यामुळे चारुदत्तची झोप उडाली होती. त्याने लगेच प्राध्यापकांना इंग्रजीत ईमेल लिहिली : आपल्या आयुष्याबद्दल बोलाल का, आणि आपल्या मातृभाषेत बोललात तर दुधात साखर.

उत्तर तासाभरात आलं. 'मातृभाषेत? खरंच चालेल? फार वर्षांत संधी मिळाली नाही.'

"बघ, गहिवरलेत," पद्माकरराव म्हणाले.

'चुकलं तरी आम्ही समजून घेऊ,' चारुदत्तने कळवलं.

चारुदत्तची बायको सुलेखा हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून थकून आली होती. तिने फक्त एकच विचारलं, "गूगल केलंस का त्यांना?"

"केलं ना. 'ओके' टाकल्यावर काय येणार? अख्खं जगच ओके येतं."

पोस्टरसाठी प्राध्यापकांनी फोटो पाठवला तोही पवनचक्कीच्या माथ्यावरचा. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, तोंडावर मास्क. पद्माकरराव तो बराच वेळ निरखत राहिले आणि म्हणाले, "उभं राहण्याची ढब बघ. ओकांचीच."

पोस्टर लिमरिकहून ट्रलीला, तिथून डब्लिनला आणि मग कुणाच्या तरी मामेबहिणीमार्फत पुण्याला पोचलं. दोन दिवसांत ओक कुलसंमेलनाच्या अध्यक्ष लीलावतीबाईंचा फोन आला. "आमच्या घराण्यातला एवढा मोठा माणूस आणि आम्हाला पत्ता नाही? आम्ही सगळे येतोय." सगळे म्हणजे नाशिक, ठाणे आणि न्यू जर्सीचे ओकसुद्धा.

कार्यक्रमाच्या दिवशी स्क्रीनवर चौकोनांच्या रांगा लागल्या. प्राध्यापकांचं इंटरनेट मंद असल्यामुळे त्यांचा कॅमेरा बंद होता. पद्माकररावांनी जाकीट घालून मानपत्र वाचलं. 'कोकणच्या लाल मातीने दिलेला हा सुपुत्र' इथे न्यू जर्सीच्या ओकांनी टाळ्या वाजवल्या.

"आता सरांना विनंती करतो," चारुदत्त म्हणाला.

कॅमेरा सुरू झाला. पांढऱ्या केसांचा, हसऱ्या चेहऱ्याचा, सुरेख टाय बांधलेला एक कोरियन गृहस्थ खाली वाकला, त्याने नमस्कार केला आणि तो खणखणीत कोरियन भाषेत बोलू लागला.

"हे कोण?" पद्माकरराव माइक बंद न करता म्हणाले.

थांबवावं, हे चारुदत्तला कळत होतं. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की त्याने म्यूटच्या बटणावरचं बोट मागे घेतलं. प्राध्यापक बोलत होते, स्वतःशीच हसत होते. मध्येच एक शब्द अडला, तो सापडल्यावर त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी स्क्रीनकडे नीट पाहिलं. सगळे चौकोन पुतळ्यासारखे बसलेले.

"तुम्हाला यातलं काही कळत नाहीये, हो ना?" त्यांनी इंग्रजीत विचारलं, तेही अस्सल लिमरिकच्या हेलात.

चारुदत्तने सगळं सांगून टाकलं. आडनाव, गळलेला 'ए', श्रीधर हरी, सगळं. "सर, मला माफ करा."

तेवढ्यात एका कोपऱ्यातून रुचा नावाची विद्यार्थिनी बोलली, "काका, सर कोरियन आहेत हे सगळ्या युनिव्हर्सिटीला माहितीये. मला वाटलं, वा, आपलं मंडळ काय पुढारलंय!"

प्राध्यापक इतके हसले की खुर्ची मागे सरकली. "ग्रँड," ते म्हणाले, इथले लोक 'छान' म्हणतात तसं. "मीही विचार करत होतो, एवढ्या भारतीयांना कोरियन येतं कसं? वाटलं, हुशार लोक आहेत, शिकले असतील. माझी बायको गेल्यापासून या घरात कोरियन बोललं गेलं नव्हतं. आज बोललो. आता इंग्रजीत ऐका."

आणि लोकांनी ऐकलं. मासेमारीच्या गावात, बापाच्या बोटीच्या इंजिनाला कान लावून मोठा झालेला पोरगा. तरुणपणी लिमरिकला आला तेव्हा मोडकं इंग्रजी बोलायचा. पहिल्याच आठवड्यात घरमालकिणीचं वॉशिंग मशीन थरथरत स्वयंपाकघरभर फिरायला लागलं. 'तू इंजिनिअर ना?' म्हणत तिने त्याला जमिनीवर आडवं केलं. मशीन एका जागी उभं राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली दारात. "माझं इंग्रजी मी बायकांच्या स्वयंपाकघरात, पालथा पडून शिकलो," ते म्हणाले. पुढे यंत्रांची थरथर हाच त्यांचा विषय झाला. पश्चिम किनाऱ्यावरच्या वादळात उभ्या असलेल्या कितीतरी पवनचक्क्या त्यांच्या गणितावर तोल सांभाळून होत्या.

"बाकीचं मी सांगते," रुचा म्हणाली. "लॉकडाउनमध्ये लॅब बंद झाली, तर सरांनी प्रत्येकाला घरी डबा पाठवला. त्यात स्प्रिंगा, वजनं, सगळं. मी दाराच्या चौकटीला टांगून प्रयोग केला. स्प्रिंग कमी पडली तर सर सायकलवरून आणून फाटकाला अडकवून गेले. पाऊस होता, मी वरून फक्त हात हलवला."

चॅटमध्ये कुणी टाळ्या टाकल्या, कुणी फुलं. पद्माकरराव मानपत्राची घडी घालता घालता थांबले. "कोकणचा नसला म्हणून काय झालं," ते खाकरून म्हणाले, "बाकी सगळं जसंच्या तसं लागू आहे."

एका चौकोनाने मात्र अजून टाळी टाकली नव्हती. लीलावतीबाई.

"त्यांना गोत्र विचार," त्या म्हणाल्या.

चारुदत्तने कसंबसं समजावलं. प्राध्यापकांना लगेच कळलं. "आमच्यातही असतं! घराण्याचं मूळ गाव. पूर्वी एका आडनावाची, एका मूळ गावाची मुलं-मुली लग्न करत नसत."

"म्हणजे सगोत्र चालत नाही," लीलावतीबाईंनी मान डोलावली. "शिस्तीची माणसं आहेत. मुलंबाळं?"

"एक मुलगा. डब्लिनजवळ चेरीवूडला नोकरी करतो. अजून अविवाहित."

लीलावतीबाईंनी चष्मा सारखा केला आणि स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या.

"चारुदत्त, माझी नात डब्लिनलाच असते. तिचं एकच म्हणणं आहे, लग्नानंतर आडनाव बदलणार नाही. या मुलाचा नंबर घेऊन ठेव."