किसन मास्तरांचा सतरावा ट्रॅक

आमच्या शेजारचे किसन मास्तर लॅपटॉप उघडण्याआधी बँडचा लाल कोट घालतात. वर सोनेरी झालर, खाली घरातला लेंगा. मग चष्मा लावून स्क्रीनवरच्या ट्रॅकची नावं एकेक करून वाचतात आणि प्रत्येक नावाला स्वतःच "हाजिर" म्हणतात. हे आम्हाला घरबसल्या ऐकू येतं, कारण चिकलठाण्याच्या या नव्या सोसायटीत भिंती नावालाच आहेत.

मी एका कंपनीच्या स्टोअरमध्ये मालाची नोंद कॉम्प्युटरवर करतो. एवढ्यावर सोसायटीनं मला इंजिनिअर करून टाकलंय. कुणाचा प्रिंटर रुसला की माझा रविवार गेला. सगळ्यात जास्त रविवार मास्तरांनी खाल्ले. दार वाजवायचं, झालेलं संकट सांगायचं आणि शेवटी म्हणायचं, "बाकी खैरियत." एकदा लॅपटॉपवर अख्खा कप चहा सांडला होता. तेव्हाही बाकी खैरियतच होती.

मास्तरांचा देवगाव रंगारीला लग्नाचा बँड होता. डीजे आला आणि बँड पांगला. कुणी वॉचमन झालं, कुणी खुलताबादला फुलं विकायला बसलं, मास्तर मुलाकडे इथं आले. मग बँडमधल्या सुखदेवच्या मुलीचं लग्न ठरलं. लग्नात आपलाच बँड वाजेल, असा शब्द मास्तर देऊन बसले. सगळ्यांना एका दिवशी सुट्टी काही मिळेना. म्हणून हा माणूस चार महिने माइक घेऊन एसटीनं फिरला. एकेकाला कामाच्या जागी गाठलं, कानात ठेका लावून त्याचं त्याचं वाजवून घेतलं आणि प्रत्येकाला लॅपटॉपमधल्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळा ट्रॅक दिला.

लग्नाला आठवडा उरला असताना दार वाजलं. नवा ट्रॅक घेईना, इंग्रजीत कायतरी म्हणतंय, बाकी खैरियत.

मी लॅपटॉप बंद करून चालू केला. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. जागा भरली असेल म्हणून त्यांच्या मुलाचे मनालीचे फोटो पेनड्राइव्हवर हलवले. दोन तासांनी मी तो इंग्रजी निरोप वाचला. हे आधी सुचत नाही, म्हणूनच मी इंजिनिअर नाही. फुकटच्या आवृत्तीत सोळाच ट्रॅक मिळतात, एवढंच तो बिचारा सांगत होता. सोळा भरले होते. सतरावे स्वतः मास्तर. सगळ्यांचं पान वाढून झाल्याशिवाय बसायचं नाही, ही जुनी सवय. त्यामुळे आपला ट्रम्पेट त्यांनी शेवटी ठेवला होता.

पूर्ण आवृत्ती मुलाला विकत घ्यायला सांगा म्हटलं, तर मुलाकडे पैसे मागायचे नव्हते. मी घेतो म्हटलं, तर मास्तरांनी कोट काढून खुंटीला लावला. दुसरं सॉफ्टवेअर टाकू म्हटलं, तर याचीच बटणं पाठ व्हायला चार महिने लागले होते. दोन ट्रॅक एकत्र करू म्हटलं, तर उद्या एक चुकलेला निघाला की दोघांचा आवाज कमी करावा लागेल, आणि दुसऱ्यानं काय गुन्हा केला? निदान दोन ड्रमवाल्यांचे तरी जोडू, म्हटलं. ते दोघं एका लग्नातल्या जिलेबीवरून नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, असं कळलं.

मी कंटाळून एकेक ट्रॅक तपासू लागलो. पहिलाच, सुखदेवचा क्लॅरिनेट. पाहतो तर नुसती सपाट रेघ. माझा जीव भांड्यात पडला. हा रिकामा आहे, उडवून टाकू, असं म्हणून मी बटणाकडे बोट नेलं. मास्तरांनी माझं मनगट धरलं.

सुखदेव मुळात दिव्यांची गाडी ढकलायला आला होता. बँड ठरवताना लोक माणसं मोजतात. एकदा एक माणूस कमी पडला, तेव्हा मास्तरांनी त्याच्या हातात क्लॅरिनेट दिला आणि फुंकू नको, असं बजावलं. तो बावीस वर्षं फुंकला नाही. पण गाल फुगवून, डोळे मिटून बोटं अशी चालवायचा, की लग्नातली पोरं त्याच्याचभोवती जमायची. मास्तर माइक घेऊन त्याच्याकडेही गेले होते, आणि त्यानं माइकसमोर बसून अख्खं गाणं न फुंकता वाजवलं होतं. मी आवाज शेवटपर्यंत वाढवला. क्लॅरिनेटच्या चाव्यांची बारीक टकटक ऐकू आली. अगदी तालात होती.

स्पीकरवर हे कुणाला ऐकू येणार नाही, असं मी म्हणालो.

"त्याच्या लेकीचं लगीन हाय," मास्तर म्हणाले. "त्यालाच कसा काढू?"

"आणि तुमचं?"

"मी हाय की तिथं. उभ्यानं वाजवीन."

मास्तरांना एक जिना चढताना दम लागतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी वाद घातला नाही. दमलो होतो, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटत होतं.

लग्नाला लॅपटॉप सांभाळायला मीच गेलो. स्पीकरमधून सोळा जण वाजू लागले. मास्तरांनी पहिलं कडवं झकास वाजवलं. दुसऱ्याच्या मध्यावर ट्रम्पेट खाली आला आणि ते खुर्चीवर बसले. पुढं नुसती साथ आणि ठेका उरला. लोकांच्या ते लक्षातही आलं नाही, पंगत चालू होती.

सुखदेव मात्र पाहुण्यांना सोडून खुर्चीपाशी आला. त्यानं मास्तरांना पाणी दिलं, आणि जरा लाजत विचारलं, "मास्तर, ह्यात माझं बी हाय का?"

"व्हय," मास्तर धापा टाकत म्हणाले. "पैल्या नंबरला."

सुखदेव स्पीकरजवळ सरकला, डोळे मिटले आणि गाणं संपेपर्यंत तिथंच उभा राहिला. मग परत आला.

"लई ग्वाड आलंय," तो म्हणाला.

मास्तरांनी मान हलवली. मी उगाचच लॅपटॉपवर काहीतरी शोधत राहिलो.