आरशाची जागा

गुलाबरावबापूंच्या मोटारीत सगळ्यांत चांगली जागा आरशाची होती. मागच्या सीटवर, डाव्या खिडकीपाशी. वारा तिथे, सावली तिथे, घाटातली दरी दिसायची तीही तिथूनच. पांढऱ्या चादरीत गुंडाळलेला तो भला थोरला आरसा तिथे ऐसपैस टेकलेला असायचा आणि उरलेल्या जागेत आम्ही माणसं एकमेकांच्या बरगड्या सांभाळत बसायचो. कोणी धीर करून म्हणालंच, की बापू, आरसा मांडीवर घेतो, जरा सरकू द्या, तर बापू मागे न बघता सांगायचे, "त्या सीटची स्प्रिंग गेली जी. माणसाले टोचते. आरशाले नाही टोचत."

बुलढाण्याच्या बाजारगल्लीत बापूंचं फ्रेमचं दुकान होतं. महाराष्ट्र नुकताच झाला होता, कचेऱ्यांमधून नवे नकाशे लागत होते आणि त्यांच्या चौकटी बापूंकडून जात होत्या. गिऱ्हाइकाला ते काचेवर बोट ठेवून दाखवायचे, "हे आपलं बुलढाणा." मग तेच बोट जरासं डावीकडे सरकवायचे. "अन् हा अजिंठा. इतवारी रिकामे हाये का?"

गिऱ्हाईक रिकामं निघालं तर संपलंच. खामगावच्या एका कापसाच्या जिनवाल्यानं काढून टाकलेली मोटार बापूंनी घेतली होती. "पेट्रोल तुमचं, माहिती माही," एवढाच त्यांचा करार. एका वेळी एकच कुटुंब किंवा एकच मित्रमंडळी. पहाटे निघायचं, दिवस मावळायच्या आत परत. आणि ही माहिती घराबाहेर पडल्यापासून सुरू व्हायची. "डाव्या हाताले पाहा. या विहिरीत माह्या चुलत्याची म्हैस पडली होती." "उजवीकडं पाहा. इथं माह्यं चाक निखळलं होतं." शिवना येईपर्यंत बापूंचा सगळा इतिहास पाठ व्हायचा, बुद्धाचा अजून सुरू व्हायचा असायचा. शिवन्याला चहा. अजिंठा गाव मागे पडलं की घाटात मात्र कोणी बोलायचं नाही, कारण ब्रेकचा आवाज बापूंना ऐकू यायला हवा.

लेण्यांपाशी पोचल्यावर आधी जेवण. "पोटात नसन तर डोळ्यांत काय जाईन?" आणि मग तो आरसा.

लेण्यांच्या आत अंधार. काही ठिकाणी विजेचा दिवा होता, पण बापूंना तो मान्य नव्हता. "लायटीत राजा कसा दिसते? दवाखान्यात भरती केल्यावानी." म्हणून लेण्याच्या दारासमोर उन्हात ते स्वतः आरसा धरून उभे राहायचे. पांढरी चादर पाहुण्यांनी आत जमिनीवर पसरायची. आरशातलं ऊन चादरीवर पडायचं आणि चादरीवरून एक मऊ उजेड भिंतींवर चढायचा. अंधारातून आधी एक हात यायचा, मग खांदा, मग मुकुट, मग ते झुकलेले डोळे. बाहेरून बापू ओरडायचे, "दिसला का? मुंडकं इकडं हाये का तिकडं?"

हे बरेच दिवस माझ्या लक्षात आलं नव्हतं. आरसा धरणारा माणूस बाहेर असतो. आतलं त्याला काही दिसत नाही.

म्हणजे ज्या लेण्यांची माहिती बापू जिल्हाभर सांगत फिरत होते, त्यांतलं एकही चित्र त्यांनी पाहिलेलं नव्हतं! पाहुणे बाहेर आले की ते पायरीवर त्यांची जबानी घ्यायचे. "काय पाह्यलं?" 'छान आहे' म्हणणाऱ्याला पुन्हा आत जावं लागायचं. एक तहसीलदार म्हणाले होते, की राजाचा चेहरा पित्त झाल्यासारखा दिसतो. पुढच्या इतवारपासून राजाला पित्ताचा त्रास सुरू झाला. एका वकीलसाहेबांची बायको म्हणाली, ती सावळी राणी थोरली असावी, धाकटीवर नजर ठेवून आहे. झालं, दोन सवती ठरल्या. एक मास्तर म्हणाले, एवढे मोती घातलेत पण अंगात सदरा नाही कोणाच्या. "त्या काळी शिंपीच नव्हता," बापू दुसऱ्या दिवसापासून खात्रीनं सांगायला लागले.

मी एकदा म्हणालो, "बापू, तुम्ही स्वतः एकदा पाहून का घेत नाही?"

"पाहीन ना. घाई कायची? जोडीनं पाहू म्हणलं होतं."

इथे मला थांबलं पाहिजे. गेली कित्येक वर्षं ही गंमत मी लोकांना सांगत आलोय आणि दर वेळी इथपर्यंतच सांगत आलोय. बापूंच्या पित्तवाल्या राजावर लोक हसतात, मीही हसतो. पुढचं माझ्याबद्दल आहे, म्हणून ते राहून जातं.

मी मेहकरकडचा, हिवरा आश्रमाजवळच्या खेड्यातला. बुलढाण्याला कचेरीत तात्पुरता कारकून म्हणून लागलो आणि बापूंच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहिलो. बापूंना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या पत्नी गोदाकाकू. त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, की सकाळची भाकरी आमच्या चुलीवरच होईल, तुझा स्टो फुटून घर पेटायला नको. मी त्यांची भाकरी खात होतो हे आधी लिहून ठेवतो.

लेण्यांचं हे खूळही मुळात काकूंचं. दुकानात कोणीतरी अजिंठ्याच्या राजाचं चित्र चौकट करायला दिलं होतं. काकू डबा घेऊन गेल्या आणि ते बघत उभ्या राहिल्या. "हातात फूल हाये, अन् असा काऊन उदास दिसते हा? मले दाखवा ना एकदा." बापूंनी कबूल केलं. नवी-जुनी मोटार आली. पण पहिल्या खेपेला वकिलांची आई निघाली, दुसऱ्या खेपेला डॉक्टरांचे पाहुणे, आणि मग बापूंचं एवढं नाव झालं की मोटारीत कधी जागाच उरेना. काकू दशम्या करून द्यायच्या. दशम्यांची कीर्तीही जिल्हाभर पसरली.

मग मुंबईहून एक मोठे साहेब दौऱ्यावर आले. कामापेक्षा त्यांना अजिंठा बघायचा होता. बरोबर बाईसाहेब होत्या आणि आमचे हेडक्लार्क होते. बाईसाहेबांना सोबत हवी म्हणून काकूंचं नाव आपोआप ठरलं. त्या दिवशी काकू जांभळं लुगडं नेसल्या होत्या. गल्लीतल्या बायका ओट्यावर येऊन उभ्या होत्या. "गोदाबाई, आमच्यासाठी राजाले नमस्कार सांगजा व!" काकू मागच्या सीटवर, डाव्या खिडकीपाशी बसल्या. डबा मांडीवर. मी फाटकाशी उभा होतो, बगलेत एक फाइल होती.

साहेबांना ती फाइल दिसली. दौऱ्यात थोडं तरी काम झालेलं बरं, असं त्यांना वाटलं असावं. "तुम्ही चला बरोबर. वाटेत बघू."

मोटारीत जागा नव्हती हे मला दिसत होतं. 'साहेब, फाइल उद्या बंगल्यावर आणतो,' इतकं वाक्य होतं. तोंडात जुळलंही होतं. पण माझी नोकरी तात्पुरती होती आणि साहेब मुंबईचे होते. मी म्हणालो, "हो साहेब."

कोणी काकूंना उतरा म्हणालं नाही. हेडक्लार्क खिडकीबाहेर बघत राहिले. बापूंचे हात स्टिअरिंगवर होते. ते समोर बघत राहिले. मी दाराशी जाऊन उभा राहिलो. तेवढं पुरलं. काकू आपण होऊन उतरल्या, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बस बाबा. सगळ्यायले दोन-दोन येतीन." ओट्यावरच्या बायका एकदम कामं आठवल्यासारख्या आत गेल्या.

"पुढच्या इतवारी नेतो," बापू म्हणाले. स्टिअरिंगला म्हणाले.

लेणं बघून साहेब लगेच बाहेर आले. बापूंनी जबानी घेतली. साहेब म्हणाले, "जागा प्रशस्त आहे." फाइल सुटली नाही. तिच्यावर दशम्यांच्या तुपाचा डाग पडला, तेवढाच तिचा प्रवास.

आम्ही परत आलो तेव्हा घराला कुलूप होतं. किल्ली शेजारी होती. काकू दुपारच्या एस.टी.नं पिंपळगाव राजाला, भावाकडे गेल्या होत्या. शेजारणीजवळ निरोप होता: "गाडीत जागा झाली का कळवजा म्हणा."

बापू हसले. "येईन चार दिवसांत." चार दिवसांत काकू आल्या नाहीत. चार महिन्यांतही नाहीत. त्यानंतरच कधीतरी, आधी डिकीत प्रवास करणारा आरसा मागच्या सीटवर येऊन बसला आणि तिथली स्प्रिंग गेली.

माझी नोकरी कायम झाली. त्या साहेबांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्यांना माझं नावही माहीत नव्हतं. मी बापूंबरोबर रविवारी जात राहिलो, बरगड्या चेपून घेत राहिलो आणि सकाळची भाकरी खाणावळीत खायला लागलो.

एकदा असेच निघालो होतो. पाहुणे शिवन्याला भेटणार होते, त्यामुळे तिथपर्यंत आम्ही दोघंच. बापू चहा आणायला उतरले. मला काय वाटलं कोण जाणे, मी मागे गेलो, आरसा सरकवला आणि त्या जागेवर बसलो.

काही टोचलं नाही. साऱ्या मोटारीत ती एकच जागा अशी होती, की जिची गादी अजून फुगीर होती. बऱ्याच दिवसांत कोणी बसलंच नव्हतं तिच्यावर.

बापू दोन्ही हातांत चहाचे पेले घेऊन आले आणि दाराशी थबकले.

"उठ."

"बापू, स्प्रिंग तर..."

"उठ म्हणलं ना बे!"

इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदा 'बे' म्हणाले. मी उठलो. त्यांनी आरसा परत जागेवर ठेवला, चादर सारखी केली आणि पेला माझ्यापुढे धरला. "घे. थंडा होईन."

"बापू, तुम्ही काकूंना कळवलं का नाही?"

"मी काऊन कळवू? मी उतरवलं का तिले?"

खरंच होतं. बापूंनी उतरवलं नव्हतं, हेडक्लार्कनी उतरवलं नव्हतं, मी तर 'हो साहेब'पलीकडे तोंडही उघडलं नव्हतं. कोणीच काही केलं नव्हतं, म्हणून कळवायलाही कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी पिंपळगाव राजाला गेलो. काकू भावाच्या मळ्यात वांगी तोडत होत्या. मला बघून त्यांनी टोपली खाली ठेवली नाही.

"काकू, गाडीत जागा आहे."

"कोण म्हणते? ते?"

"नाही. मी बसून पाहिलं."

"तुले बसून पाहाची सवयच हाये," काकू म्हणाल्या. चार वांगी टोपलीत पडली. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी दशम्या कशा झाल्या होत्या?"

"चांगल्या."

"खरं सांग. घाईत मीठच टाकलं नव्हतं मी. मोटार आली अन् राह्यलं. तेच मनात हाये माह्या तवापासून."

"नव्हतं मीठ," मी म्हणालो. "कोणी बोललं नाही."

"तुमच्यातलं कोणी काही बोलते का?" काकू म्हणाल्या, आणि कमरेचा पदर सोडून हात पुसायला लागल्या.

त्या रविवारी बापूंनी दुसरे पाहुणे घेतले नाहीत. काकू डाव्या खिडकीपाशी बसल्या. चादर घडी करून त्यांनी मांडीवर घेतली, त्यामुळे उघडा आरसा माझ्या मांडीवर आला आणि अजिंठ्यापर्यंत मला माझंच तोंड बघावं लागलं. बापू विहीर विसरले, चाक विसरले. शिवन्याला काकूंनी विचारलं, "मोटार बिघडली का? आवाज नाही येऊन राह्यला कायचाच."

लेण्याच्या दाराशी मी आरसा हातात घेतला. बापू जोडे काढण्यात नको तेवढा वेळ घालवत होते.

"तुले जमत नाही ते. दे इकडं."

"शिकवा मग."

त्यांनी माझे खांदे धरून मला उन्हात फिरवलं, आरशाची खालची कड माझ्या पोटाला टेकवली, उजेड दारातून आत चादरीवर नेऊन सोडला. "असाच धर. हलशीन नको." आणि ते काकूंच्या मागे आत गेले.

दार काळं होतं. आतून बापूंचा पाहुण्यांसाठीचा आवाज आला, "आता हा राजा. याले पित्ताचा..."

"चूप बसा ना जी. पाहू द्या."

ऊन सरकत होतं तसा मी पाय सरकवत होतो. दंड भरून आले, घाम डोळ्यांत उतरला. पुसायला हात मोकळा नव्हता. आतून काही ऐकू येत नव्हतं. एक पहारेकरी येऊन माझ्याकडे बघून गेला.

खूप वेळानं दोघं बाहेर आली. काकूंनी चादर घडी घालून माझ्या खांद्यावर टाकली आणि पाण्याची बाटली शोधायला पायऱ्या उतरल्या.

मी बापूंना विचारलं, "काय पाह्यलं?"

ते जोडे घालत होते. मान वर न करता म्हणाले, "काय दिसन? सगळं हलूनच राह्यलं होतं. आरसा नीट धरता येत नाही तुले. पुन्हा या लागीन."

"येऊ ना," काकू खालून म्हणाल्या. "जागा हाये."

आरसा मी हलवला नव्हता.