मारुतीरावांचा दुधी

"निपाणीत मला चार गोष्टी शिकवील असा माणूस अजून जन्माला यायचाय," असं सायन्सचे मारुतीराव मास्तर शाळेत रुजू झाले त्या दिवशीच म्हणाले. म्हणाले ते बाहेर उभे राहून, कारण ते दार ढकलत होते आणि दार ओढायचं होतं. शिपाई जिनाप्पानं ते ओढून दिलं.

मास्तरांचा जीव बेळगावात अडकला होता. निपाणी म्हणजे त्यांच्या मते बदलीची वाट बघत बसायचं बाकडं. आता तपासणीला इन्स्पेक्टरसाहेब येणार होते आणि बदली त्यांच्या शेऱ्यावर होती. मास्तरांनी ऑस्मोसिस दाखवायचं ठरवलं. बटाटा कोरून वाटी करायची, आत साखर भरायची, वाटी पाण्याच्या परातीत ठेवायची. पाणी बटाट्यातून आत झिरपतं, वाटी आपोआप भरते. साहेब खूश, मास्तर बेळगावात.

खडेबाजारातून शेरभर बटाटे आले. शाळा बांधून देणारे नेमिनाथ आप्पा पक्के जैन, जमिनीखालचं काही न खाणारे. ते पिशवीत डोकावले.

"कंदमूळ? आन् माझ्या शाळंत?"

"आप्पा, हे खायला नाही. हे विज्ञान आहे."

"मग विज्ञान भायेर ठेवा. दुधी चालतोय."

"अडाण्यांचा बाजार," असं पुटपुटत मास्तर दुधी सोलायला बसले.

तपासणीदिवशी सकाळी सातला त्यांनी दुधीच्या वाटीत साखर भरली, ती परातीत ठेवली आणि जिनाप्पाला राखणीला बसवलं.

"वाटीला हात लावायचा नाही. तुला कळणार नाही, पण पाणी आत चढणार आहे."

"व्हय मास्तर."

मास्तर साहेबांना उतरवून घ्यायला मोटारीकडं गेले. इकडं साखरेच्या वासानं मुंग्या आल्या आणि काठावरून पटापट पाण्यात पडू लागल्या. जिनाप्पा जैनाचा, घरात पाणीसुद्धा गाळून पिणारा. त्याच्यानं बघवेना. त्यानं काडीनं एकेक मुंगी वर काढली. साखर चमच्यानं खरवडून भिंतीतल्या बिळाशी नेऊन ठेवली. पुन्हा कुणी मुंगी पाण्याकडं फिरकू नये म्हणून परातीत तीन मुठी मीठ टाकलं. वाटीला मात्र हात लावला नाही. शब्दाचा पक्का माणूस.

अकराला साहेब आले. मास्तर इंग्रजीत सहा मिनिटं बोलले आणि साहेबांवरची नजर न हलवता परातीकडं बोट करून म्हणाले, "आता पाणी आत चढलं आहे."

"कुठं?" साहेब म्हणाले.

मास्तरांनी खाली बघितलं. वाटी कोरडी, आणि दुधी सासुरवाडीत महिनाभर राहिलेल्या जावयासारखा मरगळून पडलेला.

"इथलं पाणीच तसलं, साहेब. इथल्या माणसांच्या डोक्यासारखं. आत काही जातच नाही."

साहेबांनी परातीत बोट बुडवून जिभेला लावलं.

"मीठ कुणी घातलं?"

"मी जी," जिनाप्पा म्हणाला. "मुंग्या बुडत हुत्या. म्हणून साखर काडली, मीठ टाकलं. मग दुधी सुकणारच की. आमची आक्का काकडीला मीठ लावती, घटकंत काकडी मऊ आन् ताटात पाणीच पाणी. जिकडं साखर जास्त न्हायतर मीठ जास्त, तिकडं पाणी पळतंय. ह्यात शिकवायचं ते काय?"

साहेब मास्तरांकडं वळले.

"मास्तर, तुमच्या सहा मिनिटांत हे एवढं कुठं आलं नाही."

शेरा असा पडला: ऑस्मोसिस उत्तम रीतीने समजावण्यात आले, शिपायाकडून. मास्तरांना आणखी एक वर्ष येथेच ठेवावे.

मास्तर आठ दिवस जिनाप्पाशी बोलले नाहीत. दार ढकलत राहिले. नवव्या दिवशी आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्याच्याजवळ आले.

"जिनाप्पा, पुढच्या वर्षी साहेब पुन्हा येणारेत. ते मीठ नेमकं किती मुठी घातलं होतंस, तेवढं जरा लिहून दे की."