रेडिएटरला टांगलेले पाणी

रादोम शहरातील आमच्या इमारतीत ऊब नगराच्या औष्णिक केंद्रातून गरम पाण्याच्या नळ्यांवाटे येते. ती ऑक्टोबरात सुरू होते आणि एप्रिलपर्यंत कोणाचे ऐकत नाही. खोली तापवणाऱ्या रेडिएटरला फिरवण्याची खुंटी आहे. ती फिरते, परंतु तिच्या फिरण्याचा रेडिएटरवर काही परिणाम होत नाही. (घरात माझ्या बोलण्याची साधारण हीच अवस्था आहे.) बाहेर गुडघाभर बर्फ असतो आणि आत सकाळी कापलेला पाव दुपारी कौलासारखा वाजतो.

या कोरड्या हवेचा सर्वांत अधिक त्रास माझ्या पत्नीला, लुत्सिनाला, होई. ती चर्चच्या गायकवृंदात गाते. ख्रिसमस आला आणि तिचा घसा बसला. खिडकी थोडी उघडावी असे मी सुचवले. आमच्यासोबत राहणाऱ्या माझ्या सासूबाई, गेनोवेफाबाई, यांचे मत असे की कोरड्या हवेने माणूस केवळ खोकतो, वाऱ्याच्या झोताने मात्र मरतो. खिडकी उघडली गेली नाही.

"विजेवरचं यंत्र मिळतं हवा ओली करायचं," लुत्सिना म्हणाली. "धुकं सोडतं. निळा दिवाही असतो त्याला."

"आपल्या आईवडिलांच्या घरी निळा दिवा नव्हता."

"आपल्या आईवडिलांच्या घरी सगळेच खोकायचे, आंब्रोझी."

मनुष्याने गरजेपुरते घ्यावे, असे माझे मत आहे. म्हणून मी माळ्यावरून चिनी मातीच्या दोन चपट्या डब्या काढल्या. त्या रेडिएटरच्या दोन फासळ्यांमध्ये अडकवायच्या आणि पाण्याने भरायच्या. रेडिएटर तापतो, पाणी उडून जाते, हवा ओलावते. आमच्याकडे घरोघर हाच उपाय करतात आणि त्यात चुकण्यासारखे काहीही नाही.

अडचण नळाच्या पाण्याची होती. ते इतके जड आहे की चार दिवसांत डब्यांवर पांढरे किटण धरले. किटण धरलेली वस्तू मला पाहवत नाही. लुत्सिना इस्त्रीसाठी शुद्ध केलेले पाणी विकत आणते, हे मला ठाऊक होते. मी कोठीत गेलो, इस्त्रीशेजारची बाटली उचलली आणि डब्या भरल्या. निर्णय लहान होता. नंतर दर संध्याकाळी त्याच बाटलीतून भरत राहिलो. (झाकणावर पेन्सिलीने क्रूस काढला होता, असे सासूबाई आजही सांगतात. मी चष्मा लावलेला नव्हता, असे मी आजही सांगतो.)

गुण मात्र आला. लुत्सिनाचा खोकला ओसरला. डब्या स्वच्छ राहिल्या. एके दिवशी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "हल्ली घर कसं शांत शांत वाटतं. भांडण नाही, काही नाही." मी ते संयमाचे फळ मानले आणि त्यावर थोडे बोललोही.

येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. ख्रिसमसनंतर आमचे फादर घरोघर येतात, प्रार्थना करतात आणि पवित्र पाणी शिंपडून घराला आशीर्वाद देतात. यजमानाने टेबलावर पांढरे कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या आणि वाटीत पवित्र पाणी मांडून ठेवायचे असते. हे पाणी चर्चमधून आधीच भरून आणायचे. परंतु आळशी लोक ऐन वेळी नळ सोडतात. गेल्या वर्षी मी चर्चच्या पत्रिकेत यावर लेख लिहिला होता. फादरांपुढे नळाचे पाणी ठेवणे म्हणजे देवाशी खोटे बोलणे, असे मी त्यात म्हटले होते. उदाहरण आमच्याच जिन्यातले होते. मी नाव लिहिले नव्हते. केवळ मजला लिहिला होता.

तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या ओतिलियाबाई तेव्हापासून मला नमस्कार करत, पण माझ्या टोपीकडे पाहून.

आमच्या जिन्यावरच्या घरांचा दिवस आला. लुत्सिनाने कापड अंथरले, मेणबत्त्या ठेवल्या आणि वाटी घेऊन कोठीत गेली.

"आई, पवित्र पाण्याची बाटली कुठे आहे?"

"इस्त्रीशेजारी. ईस्टरच्या आदल्या रात्री मीच नाही का भरून आणली, रांगेत उभी राहून."

"रिकामी आहे."

"रिकामी कशी असेल? ते काय पितं कोणी?"

मी मेणबत्त्या सरळ करू लागलो. त्या सरळच होत्या.

"आंब्रोझी," लुत्सिना दारात येऊन म्हणाली.

"काय?"

"तू बोलत नाहीयेस."

"विचार करतोय."

"विचार करताना तू बोलतोस. गप्प असतोस तेव्हा काहीतरी केलेलं असतं."

मी खरे ते सांगितले. सासूबाई खुर्चीवर बसल्या.

"ईस्टरचं पाणी," त्या म्हणाल्या. "रेडिएटरवर."

"हवा कोरडी होती, आई."

"बटाटे तेवढे उकडायचे राहिले त्यात."

"मग इस्त्रीचं पाणी कुठे आहे?" मी विचारले.

"इस्त्रीत," लुत्सिना म्हणाली.

खालच्या मजल्यावर घंटा वाजली. फादर ग्रात्सियान ओतिलियाबाईंकडे पोहोचले होते. त्यांच्यानंतर आम्ही. चर्चला जाऊन येण्याइतका वेळ नव्हता.

"नळाचं घाल वाटीत," सासूबाई म्हणाल्या. "फादरना काय कळणार आहे? देवाला कळेल, पण तो समजूतदार आहे."

"मी लेख लिहिलाय, आई."

"कोणी सांगितलं होतं लिहायला?"

"मग खाली जाऊन ओतिलियाबाईंकडून अर्धा कप मागून आण," लुत्सिना म्हणाली.

"तिथे फादर बसलेत."

"बरंच झालं. त्यांच्यासमोर माग."

मी गेलो नाही. ज्या घराची मी छापून निंदा केली त्याच घरापुढे, त्याच वस्तूसाठी, वाटी धरून उभे राहणे मला शक्य नव्हते. नळाचे पाणी ठेवणे हे असत्य होते. रिकामी वाटी ठेवणे हा अनादर होता. मनुष्याची परीक्षा अशाच वेळी होते आणि अशा वेळी अभ्यास उपयोगी पडतो. मला एक नियम आठवला. पवित्र पाणी थोडे उरले असेल तर त्यात साधे पाणी मिसळावे. साधे पाणी कमी असेल तर सर्वच पवित्र राहते. आणि थोडे पाणी उरले होते. ते रेडिएटरवर होते.

मी डब्या काढल्या. बोटे भाजली. आतले पाणी पिवळसर झाले होते आणि त्यात गालिच्याची लोकर तरंगत होती. मी ते चहाच्या गाळणीतून वाटीत ओतले आणि वर नळाचे दोन चमचे घातले. (दोनच. मी मोजत होतो.)

"आंब्रोझी, ऐक," लुत्सिना म्हणाली, "त्या डब्यांत मी—"

दाराची घंटा वाजली.

"नंतर," मी म्हणालो.

फादर ग्रात्सियान आत आले. त्यांचे नाक सर्दीने लाल झाले होते. सकाळपासून ते तापलेल्या घरांतून गार जिन्यात आणि गार जिन्यातून तापलेल्या घरांत फिरत होते.

"येशू ख्रिस्ताची स्तुती असो."

"सदासर्वकाळ, आमेन," आम्ही म्हणालो.

प्रार्थना झाली. ती सुंदर झाली, कारण लुत्सिनाचा आवाज मोकळा होता. मग फादरांनी वाटीत कुंचला बुडवला आणि भरघोस शिंपडले. पहिला शिडकावा क्रूसावर, दुसरा माझ्यावर, तिसरा थेट सासूबाईंच्या चेहऱ्यावर.

सासूबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"केवढी कृपा ही," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "आत झोंबते."

फादरांनी कुंचला नाकापाशी नेला. त्यांना शिंक आली. मग दुसरी आली. मग त्यांनी नाकाने दीर्घ श्वास घेतला आणि तो आत गेला, याचे त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलेले दिसले.

"आंब्रोझीसाहेब, हे पाणी गरम आहे."

"होय, फादर."

"आणि त्याला निलगिरीचा वास येतोय."

"नाही, फादर," मी ठामपणे म्हणालो. "ते शक्य नाही."

"मी घातले थेंब," लुत्सिना म्हणाली. "रोज रात्री, डब्यांत. घशासाठी. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, आईवडिलांच्या घरी निलगिरी नव्हती."

"कसल्या डब्या?" फादरांनी विचारले.

आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते. मी सर्व सांगितले. बाटली, डब्या, गाळणी, दोन चमचे. नियमही सांगितला आणि तो मी नीट पाळल्याचेही सांगितले. फादरांनी मध्येच तोंडावर रुमाल धरला. सर्दीमुळे असावा, असे तेव्हा मला वाटले.

ते बोलले तेव्हा लुत्सिनाशी बोलले. "बाई, ही वाटी धुवा आणि नळाचं पाणी भरून आणा."

तिने आणले. फादरांनी वाटीवर हात धरला, एक छोटी प्रार्थना म्हटली, क्रूसाची खूण केली आणि म्हणाले, "झालं."

"काय झालं?" मी विचारले.

"पवित्र झालं. याला एवढाच वेळ लागतो, आंब्रोझीसाहेब. मी पाद्री आहे, तुमच्या लक्षात असेल."

"पण ते नळाचं आहे."

"चर्चमधलं कुठून येतं असं वाटतं तुम्हाला? मागच्या अंगणात नळ आहे, तिथे मी बादली लावतो."

सासूबाई हसल्या नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. त्या खिडकीकडे वळल्या आणि त्यांचे खांदे हलत राहिले.

फादरांनी पुन्हा घर शिंपडले. मग ते खुर्चीवर बसले आणि त्यांचा स्वर बदलला. "खाली ओतिलियाबाईंना गेल्या वर्षी मीच सांगितलं होतं, नळाचं ठेवा म्हणून. त्यांचे गुडघे दुखतात. तुमचा लेख आल्यापासून त्या बर्फातून चालत चर्चला येतात आणि बाटली भरून नेतात. आज वाटीशेजारी ती बाटलीही ठेवली होती. मला दिसावी म्हणून."

मी पुन्हा मेणबत्त्या सरळ करू लागलो. लुत्सिनाने माझ्याकडे पाहिले आणि या वेळी गप्प का, असे विचारले नाही.

"मी खाली जाईन," मी म्हणालो.

"जा," फादर म्हणाले. "आणि थोडक्यात बोला."

ते गेल्यावर मी कोट घातला, टाय बांधला आणि क्षमेची वाक्ये मनात जुळवली. त्यांत तीन मुद्दे होते: घाईने केलेला निवाडा, छापील शब्दाचे ओझे आणि शेजारधर्म. वाक्ये चांगली उतरली होती. जिना उतरताना मी ती दोनदा म्हणून पाहिली.

ओतिलियाबाईंनी दार साखळी लावूनच उघडले. फटीतून एक डोळा आणि अर्धी शाल दिसत होती. मी बोलू लागलो. पहिला मुद्दा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याच्या मध्यावर त्या खोकल्या. बराच वेळ खोकत राहिल्या. त्यांच्या घरातही रेडिएटर होता.

"झालं का?" त्यांनी विचारले.

"शेजारधर्माविषयी थोडं राहिलंय."

"ते राहू दे. फादर आत्ता जिन्यात भेटले. नाक चांगलं मोकळं झालंय त्यांचं. तुमच्याकडच्या त्या निलगिरीच्या पाण्यातलं काही उरलंय का?"

"ते पवित्र पाणी आहे, ओतिलियाबाई. औषध म्हणून त्याचा उपयोग—"

दार बंद झाले.

मी वर गेलो. वाटीतले पाणी लुत्सिनाने धुताना टाकून दिले होते. तिने डब्या नळाच्या पाण्याने भरल्या, रेडिएटरवर तापवल्या, थेंब घातले आणि एका बरणीत ओतून दिले. मी बरणी घेऊन पुन्हा खाली आलो. या वेळी साखळी निघाली. ओतिलियाबाईंनी बरणी दोन्ही हातांनी घेतली, झाकण उघडून वास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"देव तुमचं भलं करो," त्या म्हणाल्या. "लुत्सिनाला सांगा, फार आभारी आहे तिची."

आता त्या मला जिन्यात भेटतात आणि थेट माझ्या डोळ्यांत पाहून विचारतात, बरणी कधी भरून आणताय. मी भरून आणतो. क्षमेचे काय झाले, ते मात्र मला अजून समजलेले नाही. विचारायला गेलो, तर त्यांना ती कशाची, हेच आठवत नव्हते.