एका ओळीत न मावणारी बोट

“नमस्कार. मी केदार राऊत. डहाणूपासून दातिवऱ्यापर्यंतच्या किनारपट्टीवरचा एकमेव शास्त्रशुद्ध सत्यशोधक. एका नजरेत समोरच्याचा व्यवसाय, वजन आणि व्यसन ओळखतो. माझ्या नजरेतून सुटलेला गुन्हेगार अजून जन्माला यायचा आहे.”

आमचे हे स्वतःची ओळख अशी करून देतात. शेवटचं वाक्य अगदी खरं आहे. यांच्या नजरेत आजवर एकही गुन्हेगार आलेलाच नाही, तर सुटणार कुठून? सोमवार ते शनिवार हे बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतात आणि रविवारी सत्य शोधतात. मी यांची सहाय्यक. म्हणजे स्कूटर मी चालवते, पाण्याची बाटली मी धरते, आणि यांचा चष्मा हरवला की तो मी शोधते. आमच्या संस्थेने खरोखर शोधून काढलेली वस्तू म्हणाल तर एवढी एकच.

त्या रविवारी सातपाटीहून अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे तिथल्या दर्याकृपा मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठून बोटी समुद्रात निघायचा दिवस, सगळ्यांना बर्फ हवा, आणि संस्थेच्या बर्फाच्या कारखान्यात म्हणे मोठी चोरी झाली होती.

“समिधा, स्कूटर काढ,” हे म्हणाले. “गुन्हा थंड व्हायच्या आत पोचलं पाहिजे.”

“बर्फाचाच आहे. आणखी किती थंड होणार?” मी म्हटलं. पण तोवर यांनी काळा गॉगल चढवला होता.

आम्ही बेटेगावहून पालघर करून सातपाटीला पोचलो तेव्हा कारखान्याच्या दारात जत्रा भरली होती. मधोमध अण्णा, कडक इस्त्रीत. समोर नवशा तांडेल, त्याच्या पाठीशी त्याचे तीन भाऊ, आणि एका उलट्या टोपलीवर बसलेली त्यांची म्हातारी आजी, बायडी. धक्क्याला लागलेली त्यांची बोट जेमतेम अर्धी भरली होती. बर्फाचं मशीन बंद.

“आत या, दाखवतो,” अण्णा म्हणाले.

आत एका जुन्या कॉम्प्युटरचा काळा पडदा होता. खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत, नुसती पांढरी अक्षरं. हा प्रोग्राम तेजलने लिहिलेला. तेजल गावातलीच, तारापूरच्या एका कारखान्यात मशीनांचे असलेच पडदे सांभाळते. पद्धत साधी: एका बोटीला एक ओळ. बर्फाची लादी चुरा करायच्या चक्कीत पडली की त्याच ओळीतला आकडा जागच्या जागी बदलतो. बोट भरली की ती ओळ संपली, पुढच्या बोटीची ओळ खाली सुरू. आणि संस्थेचा नियम असा की पहिल्या फेरीला एका बोटीला एकदाच बर्फ, कारण सगळ्यांनाच एका दिवशी पाहिजे असतो.

पण आता पडद्यावर वरपासून खालपर्यंत नवशाचीच बोट होती. ओळीमागून ओळी, सगळ्या हुबेहूब सारख्या: ‘माननीय अध्यक्ष अण्णासाहेब यांच्या शुभ मार्गदर्शनाखाली बर्फवाटप. बोट: जय हिंगळादेवी एकवीरामाता...’ अगदी तळाला नावाचा शेवट, ‘लाद्या’, एक आकडा आणि ‘भरणे चालू’ असा तुटका तुकडा.

“एकेक ओळ म्हंजे एकेक येळ भरलाय यानं बर्फ!” अण्णा म्हणाले. “बाकीच्या बोटी काय हवा भरून न्यायच्या? छडा लागेपर्यंत याला एक तुकडा मिळनार नाय.”

“आमी काय चोर हाव?” नवशा कळवळून म्हणाला. “अण्णा, बोटीत वाकून बघा की. अर्धी पन नाय भरली. सांजची भरती गेली की खाडीतल्या चिखलात बसेल बोट. समदे जातील, आमी ऱ्हाऊ. आन गाव म्हनेल, चोरी केली म्हनून ऱ्हायले.”

त्याचा आवाज शेवटी फाटला आणि मला फार वाईट वाटलं. यांना वाटलं नाही. यांना सुगावा लागला होता.

“अर्धीच भरली आहे,” हे पुटपुटले. “हाच पुरावा. एवढा बर्फ घेऊन बोट अर्धीच कशी? याचा अर्थ, बर्फ बोटीतून पुढे जातोय. कुठे? बोईसरला! केमिकलवाल्यांना गार करायला बर्फ लागतो.”

“बोटीतून बोईसरला?” मशीन चालवणारा भावेश म्हणाला. “सायेब, टेम्पोतून जास्त सोपं नाय पडनार?”

यांनी भावेशकडे असं पाहिलं की तो संशयितांच्या यादीत गेला.

“तूच मशीन चालवतोस. किती वेळा बर्फ सोडलास?”

“एकदाच. आन तो बी अर्धा, मंग अण्णांनी बंद केलं.”

“आणि पडदा सांगतो पुन्हा पुन्हा. म्हणजे एक तर पडदा खोटा किंवा तू. पडद्याला खोटं बोलून काय मिळणार?”

भावेश पडद्याकडे बघायला लागला. पडद्याचा कशात फायदा असतो हा विचार मीही कधी केला नव्हता.

मग दुसरा सिद्धांत आला. एकाच नावाच्या अनेक बोटी! रात्रीतून रंगवून एकामागून एक धक्क्याला लावल्या. यावर नवशाच्या थोरल्या भावाने हात जोडले.

“सायेब, हे नाव दुसऱ्या बोटीवर लिवायला जागा तरी पायजे ना! आमच्याच बोटीवर पेंटरनं अर्धं नाव या बाजूला लिवलंय आन अर्धं त्या.”

हे खरं होतं. मी बाहेर जाऊन पाहिलं. भाऊ बरीच वर्षं वेगळे होते, वेगवेगळ्या बोटींवर दुसऱ्यांकडे कामाला जात होते. यंदा पावसाळ्यात चौघे एक झाले आणि बोट नव्याने रंगवली. एकाची हिंगळादेवी, एकाची एकवीरा, तिसऱ्याची सासुरवाडीची मरीआई, धाकट्याने आजोबा काळूराम घातले, आणि सगळ्यांनी मिळून शेवटी आजी. एकही नाव गाळायची कोणाची छाती नव्हती. गाळलं असतं तर भाऊ पुन्हा चार दिशांना गेले असते.

तिसरा सिद्धांत तळाच्या तुटक्या तुकड्याचा. ‘लाद्या, भरणे चालू’ ही म्हणे टोळीची खूण होती. चौथ्यात तेजल स्वतः टोळीची सूत्रधार निघाली.

“मग तिला बोलवायचं का?” मी विचारलं.

“अजिबात नाही! मुख्य संशयिताला पुराव्याजवळ येऊ द्यायचं नसतं. शास्त्र आहे ते.”

खाडीत पाणी चढत होतं. शेजारच्या बोटींची इंजिनं एकेक करून सुरू व्हायला लागली. नवशाचा धाकटा भाऊ नुसता धक्क्याच्या कडेला जाऊन पाण्याकडे बघायचा आणि परत यायचा. त्याच्याकडे बघवेना.

यांनी आता शेवटचा डाव जाहीर केला. “साथीदार बोटीवर येणारच. मी जाळ्यांखाली दबा धरून बसतो. रंगेहाथ पकडतो. कोणी माझं नाव घ्यायचं नाही, बोटीकडे बघायचं नाही.” एवढं बोलून हे गॉगलसकट बोटीवर चढले आणि पुढच्या बाजूच्या जाळ्यांच्या ढिगात गडप झाले. आम्ही शिस्तीत बोटीकडे पाठ केली.

मग टोपलीवरून बायडी आजी बोलली. “जिनं लिवलंय तिला इचारा की. दोन घरं सोडून तर ऱ्हाते पोर.”

अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं. सत्यशोधक जाळ्यात होते. मी सरळ जाऊन तेजलला उठवून आणलं. बिचारी दुपारची झोपली होती. डोळे चोळत तिने पडद्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर बोटीकडे, आणि कपाळावर हात मारला.

“अहो, ही चोरी नाहीये. ओळ मावत नाहीये!”

“म्हंजे?” अण्णा.

“पडद्याच्या एका ओळीत ठरावीकच अक्षरं बसतात. नवा आकडा आला की प्रोग्राम त्याच ओळीच्या सुरुवातीला येतो आणि जुनं पुसून वर लिहितो. पण या बोटीचं नाव एवढं लांब, की मजकूर खालच्या ओळीवर सांडला. मग प्रोग्राम त्या खालच्या ओळीच्या सुरुवातीला जातो आणि तिथून लिहितो. तोही खाली सांडतो. वरची ओळ पुसायची राहूनच जाते. जेवढ्या लाद्या, तेवढ्या ओळी. बर्फ एकदाच भरलाय.”

मग भावेश म्हणाला, “मी कवाधरनं तेच सांगतोय, एकदाच.”

“मग आता?” नवशाने विचारलं. “नाव छोटं करू?”

चारही भावांनी एकमेकांकडे पाहिलं. बघता बघता चेहरे बदलले. मरीआईवाला म्हणाला, “माझं कापनार असाल तर मी आत्ताच उतरतो.” काळूरामवाल्याने बाह्या सरसावल्या. आजी खाली मान घालून म्हणाली, “माझं काडा. मी म्हातारी, मला कशाला पायजे बोटीवर.” ते ऐकून तर चौघे मिळून तिच्यावरच ओरडले.

“नावाला हात लावायची गरज नाही,” तेजल म्हणाली. “ओळीतलं दुसरं काहीतरी काढू. अक्षर बारीक करता येतं, पण मग अण्णांना दिसत नाही. दुसरं म्हणजे...” आणि ती थांबली.

आम्ही सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. माननीय अध्यक्ष अण्णासाहेब यांच्या शुभ मार्गदर्शनाखाली. अर्धी ओळ त्यातच गेली होती. ते शब्द अण्णांनी स्वतः तेजलला सांगून घालायला लावले होते. आमच्याकडे साधा नळ बसवला तरी कोणाच्या तरी शुभहस्ते बसतो, बर्फ कसा मागे राहील!

अण्णांच्या इस्त्रीला पहिल्यांदाच सुरकुती पडली. ते पडद्याकडे बघत राहिले, मग आजीकडे, मग दाराबाहेरच्या पाण्याकडे.

“काड,” ते म्हणाले. “माझं काड.”

“पूर्ण?”

“समदं काड गं! बर्फ काय माझ्या मार्गदर्शनाने गोठतो? पानी उतरायच्या आत मशीन चालू कर.” मग नवशाकडे न बघताच म्हणाले, “चूक झाली रे माझी. लोकांसमोर बोललो ना, आता लोकांसमोरच सांगतो. चूक झाली.”

तेजलची बोटं चालली. भावेशने मशीन सुरू केलं. पाइपातून बर्फाचा चुरा धडाधड बोटीच्या पोटात पडू लागला आणि पडद्यावर एकच ओळ, जागेवर उभी, फक्त आकडा वाढत गेलेला.

“आता एकदाच लिवलंय ना?” आजीने विचारलं.

“एकदाच, आजी.”

“मंग वाच.”

तेजलने पूर्ण नाव वाचलं. हिंगळादेवीपासून काळूरामपर्यंत आणि शेवटी ‘आजी बायडी कृपा’. म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. मलाही काही दिसेना थोडा वेळ.

बोट भरली, दोर सुटला, चौघे भाऊ धावत चढले आणि पाणी होतं तेवढ्यात बोट खाडीबाहेर पडली. धक्क्यावर सगळे ओरडत होते. मीही ओरडले. अण्णांनी चहा मागवला. कप हातात घेताना मला काहीतरी राहिल्यासारखं वाटलं, आणि तेवढ्यात फोन वाजला.

“समिधा!” मागे इंजिनाचा आवाज, आणि यांचा कापरा आवाज. “जरा डोळा लागला होता. टोळी मला पळवून नेतेय! चारही बाजूंनी पाणी आहे!”

मग फोनवर नवशा आला. “वैनी, सायेब जाळ्यात गावले. आता सांगा. सोडायला मागं वळलो तर भरती गेली, आन फेरीबी गेली. न्यायचं म्हटलं तर आठवड्यानं आनतो.”

मी खाडीकडे पाहिलं. नवशाची बोट सगळ्यांच्या बरोबरीने चालली होती.

“घेऊन जा,” मी म्हटलं. “बर्फ भरपूर आहे.”