उपेक्षितांच्या यादीत तिसरे

एका जंगलात एक वड होता आणि त्या वडाच्या खोडावर दर सोमवारी एक यादी लागायची. बाळांनो, तुमची आई बाजाराला जाताना करते ती यादी वेगळी. ही ऐकायच्या गोष्टींची यादी होती. मागच्या रांगेनं चुळबुळ करू नये, गोष्ट आत्ता कुठे सुरू झालीय.

यादी लिहायचे बगळेसर. ते तळ्यात एका पायावर डोळे मिटून उभे राहत. इतके डोळे मिटतात म्हणजे थोर रसिक असणार, असं जंगलानं ठरवून टाकलं होतं. खरं म्हणजे ते मासा जवळ येण्याची वाट बघत. हे फक्त माशांना कळायचं आणि कळलं की ते सांगायला उरत नसत.

यादीचं नाव होतं ‘ऐकलेच पाहिजेत असे दहा उपेक्षित’. एका सोमवारी तिच्यात तिसरं नाव लागलं, जय रानोबा बँड पथक.

आता हे पथक कोण, ते सांगतो. पथकात तिघं. धनेश पक्षी नरहरबुवा, साळिंदर गुंडोपंत आणि कासवीण यमूआक्का. नरहरबुवांना वेगळी तुतारी लागत नसे, चोचच तेवढी मोठी होती. ढोल म्हणजे यमूआक्कांची पाठ. गुंडोपंत आपल्याच अंगावरचे दोन काटे उपटून तिच्यावर ठेका धरत आणि यमूआक्का प्रत्येक समेला “हळू रे मेल्या!” म्हणत. ते “हळू रे मेल्या” इतकं तालात पडायचं की लोकांना तो गाण्याचाच भाग वाटे.

एके काळी या तिघांशिवाय जंगलात लग्न लागत नव्हतं. रानडुकरांची वरात, मोरांचा साखरपुडा, सगळीकडे हेच. आणि सगळ्यांत मोठी गंमत पाठवणीला. नवरी सासरी निघाली की नरहरबुवा एक सूर लावत. एकच, लांब. नवरी उंबराखालून निघून ओढ्याच्या वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत तो सूर तुटायचा नाही. सूर तुटला तर नवरीचा पाय अडखळतो आणि ती मागं वळून बघते, असं म्हणत. नरहरबुवांच्या सुरावर गेलेली एकही नवरी कधी मागं वळली नव्हती. आया मात्र इकडे ढसाढसा रडत.

मग झाडावर किर्र करणाऱ्या किरकिऱ्यांचा डीजे आला. एकच आवाज, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. लोक म्हणाले, “वा, काय दणका आहे!” आणि जय रानोबा बँड पथक घरी बसलं.

घरी बसून दहा पावसाळे गेले. यंदा नरहरबुवांना धाप लागू लागली. घोरपड वैद्यीण होती, तिनं छातीला कान लावला आणि सरळ सांगितलं, “बुवा, थंडी पडली की हा दम पुरायचा नाही. तो लांब सूर वाजवायचा असेल तर दिवाळीच्या आत वाजवून घ्या. मग नाही.”

नरहरबुवा घरी आले. मरणाची त्यांना भीती नव्हती. पण तो सूर आपल्या छातीत एकदा शेवटचा आहे आणि ऐकायला कुणी नाही, हे त्यांना सोसेना.

आणि नेमकं त्याच सोमवारी यादीत नाव लागलं! म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. आता लोक येतील, म्हणतील, बुवा वाजवा. त्यांनी चोच घासून लख्ख केली. यमूआक्कांनी पाठ धुऊन घेतली.

पण लोक काही आले नाहीत. त्यांचं नाव मात्र सगळीकडे गेलं. तळ्याकाठी दोन सशिणी बोलत होत्या, ते नरहरबुवांनी फांदीवरून स्वतःच्या कानांनी ऐकलं.

“जय रानोबा ऐकलंस का गं?”

“अगं बाई, मी तर केव्हापासून सगळ्यांना सांगतेय, ऐका म्हणून!”

“कसं आहे?”

“उपेक्षित.”

“हो ना! मीसुद्धा सांगितलं चौघींना.”

दोघींनी सुस्कारे सोडले आणि गवत खायला लागल्या. नरहरबुवांनी वर एकदा खाकरून पाहिलं. सशिणी म्हणाल्या, “श्शू! कोण खोकतंय ते?”

सुस्कारे वाढत गेले, तशी समिती स्थापन झाली. जंगलात काहीही वाढलं की समिती स्थापन होते. ‘उपेक्षित कलावंत सन्मान समिती’, अध्यक्ष बगळेसर. आणि पहिला सत्कार जय रानोबाचा.

तिघं वेळेआधी तासभर जाऊन बसले. आधी दीपप्रज्वलन झालं. काजव्यांनी ते फुकटात केलं. मग प्रास्ताविक. मग पाहुण्यांचा परिचय. मग पाहुण्यांचा परिचय करून देणाऱ्याचा परिचय. मग बगळेसर पाऊण तास बोलले. “या थोर कलावंतांकडे आपण कान बंद केले!” असं ते म्हणाले तेव्हा सगळ्या जंगलाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग शाल, नारळ आणि टाळ्या. नरहरबुवांनी छाती भरून घेतली, चोच वर केली.

तेवढ्यात निवेदक माकड म्हणालं, “वेळेअभावी वादन होऊ शकणार नाही. अल्पोपाहाराची सोय डाव्या बाजूला आहे.”

भरून घेतलेला श्वास नरहरबुवांनी तसाच सोडून दिला. फुस्स.

असे सहा सत्कार झाले, बाळांनो. तिघांत आळीपाळीनं सहा शाली, सहा नारळ आणि सहा वेळा वेळेअभावी. गुंडोपंतांच्या अंगावर शाल घातली की तिची चाळण व्हायची, म्हणून त्यांची शाल यमूआक्का रफू करत बसायच्या. “वाजवणं राहिलं बाजूला,” त्या म्हणायच्या, “मी मेली शिंपीण झाले!”

आणि खोटं कशाला सांगू, नरहरबुवांना यादी आवडायलाही लागली होती. रोज सकाळी ते मुद्दाम वडावरून उडत आणि मान वाकडी करून आपलं नाव वाचत. माणूस असो की धनेश, नाव वाचायला कुणाला आवडत नाही? पण वाचून झालं की छातीत तो सूर तसाच शिल्लक असे आणि दिवाळी एक दिवसानं जवळ आलेली असे.

सहाव्या सत्कारानंतर मंडळी पांगली. अल्पोपाहार संपला होता, मग थांबणार कोण? सभेसाठी मांडलेले बसायचे दगड उचलून नेण्याचं काम एका गव्याकडे होतं. पिराजी त्याचं नाव. काळाकभिन्न, डोंगरासारखा, पाच लेकरांचा बाप. त्याला वाचता येत नव्हतं, त्यामुळे यादी त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. हे तिघं अजून दगडांवर बसलेले बघून तो थबकला.

“आजोबा, उठता का जरा? दगूड न्यायचा हाय.”

“हो, हो,” नरहरबुवा शाल सावरत उठले.

“सहा येळा बघतूया तुमास्नी,” पिराजी म्हणाला. “येता, बसता, शाल घेता, जाता. तुमी करता काय?”

तिघंही चमकले. हा प्रश्न आजवर जंगलात कुणी विचारलाच नव्हता.

“आम्ही वाजवतो,” नरहरबुवा हळूच म्हणाले.

“मग वाजवा की!”

गुंडोपंतांनी दोन काटे उपटले. यमूआक्कांनी मान आत घेतली. नरहरबुवांनी साधीच एक चाल धरली, वरातीची. लांब सूर त्यांनी राखून ठेवला, तो एकदाच निघणार होता. पिराजी डोक्यावर दगड घेऊन तसाच उभा राहिला. वाजवणं संपलं तरी दगड डोक्यावरच. त्याच्या नाकातून पाणी वाहत होतं.

“म्हाताऱ्या,” तो म्हणाला, “आरं, हे तू कुठं लपवून ठेवलं हुतंस रं?”

नरहरबुवांना हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे खोकला आला. सहा सत्कारांत जे वाटलं नव्हतं ते त्यांना त्या एका प्रश्नानं वाटलं. यमूआक्का कवचाच्या आतूनच म्हणाल्या, “मेल्यानं रडवलं गं बाई!”

दुसऱ्या संध्याकाळी पिराजी बायकोला घेऊन आला. तिसऱ्या संध्याकाळी सगळा कळप. गवे टाळ्या वाजवत नाहीत, ते नुसते उभे राहतात आणि ऐकताना घशातल्या घशात हंऽऽ करतात. आठव्या संध्याकाळी पिराजी म्हणाला, “आजोबा, येत्या गुरवारी माझ्या थोरलीची पाठवणी हाय. पल्याडच्या डोंगरावर दिलीया. त्यो किरकिऱ्यांचा दणका नगं मला. तुमी याल?”

“येतो,” नरहरबुवा म्हणाले. त्यांनी विचारसुद्धा केला नाही.

आता अशी बातमी लपते थोडीच? दुसऱ्याच सकाळी बगळेसर स्वतः आले. चेहरा दुखवट्याला आल्यासारखा.

“नरहरबुवा, कानावर आलं ते खरं आहे का? तुम्हांला श्रोते आहेत?”

“आहेत थोडे,” नरहरबुवा लाजून म्हणाले. “वीसएक गवे.”

“अरेरे!” बगळेसरांनी डोळे मिटले आणि नियमावली उघडली. “नियम चौथा. सदर कलावंतास श्रोते आढळून आल्यास त्याची उपेक्षा संपुष्टात आली असे समजण्यात येईल, नाव यादीतून कमी करण्यात येईल व शाली परत घेण्यात येतील. मी नाही म्हणत हो, नियम म्हणतो. शिवाय गुरुवारी तुमचा जीवनगौरव ठरलाय. खुद्द सिंहमहाराजांच्या हस्ते! पंधरा दगडांचं व्यासपीठ! तुम्ही त्या गव्यांना नाही म्हणून कळवा, मी झालं-गेलं विसरतो.”

गुरुवारच. गुंडोपंतांनी यमूआक्कांकडे पाहिलं आणि यमूआक्कांनी नरहरबुवांकडे. सिंहमहाराजांच्या हातून शाल, हे जय रानोबाच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं. नरहरबुवांची मान क्षणभर ताठ झालीसुद्धा.

“सर,” त्यांनी विचारलं, “जीवनगौरवाला वाजवायला मिळेल?”

“बघू ना. वेळ उरला तर.”

नरहरबुवा आत गेले आणि सहा शाली घेऊन बाहेर आले. “या घ्या. नारळ खाल्ले, त्याला इलाज नाही.”

बगळेसरांनी शाली उलगडून पाहिल्या. दोन रफूच्या होत्या. “यांना भोकं आहेत.”

“ती ठेवून घ्या, आमची आठवण म्हणून,” गुंडोपंत म्हणाले.

गुरुवार उजाडला. उंबराखाली सगळा कळप जमला. पिराजीची थोरली, हळद लावलेली, धिप्पाड आणि लाजरी, आईच्या गळ्यात गळा घालून रडत होती. मग ती निघाली. गुंडोपंतांनी ठेका धरला, “हळू रे मेल्या” झालं, आणि नरहरबुवांनी छातीत होता नव्हता तेवढा वारा भरून सूर लावला.

काय सूर होता तो! पानं हलायची थांबली. थोरली पहिला चढ चढली, सूर चालू. करवंदीच्या जाळीपाशी आली, सूर चालू. पिराजी रडत होता, त्याची बायको रडत होती, दगडाखालचा विंचूसुद्धा बाहेर येऊन बसला होता. ओढा दिसू लागला. वळण आता वीस पावलांवर.

आणि दम संपला.

सूर थरथरला. नरहरबुवांचे डोळे पांढरे झाले. सगळा जन्म जो दम वळणापर्यंत पुरला होता, तो आज वीस पावलांना पुरेना. चोच उघडी आणि आवाज नाही. थोरलीचा पाय अडखळला.

तेवढ्यात मागून एक हंऽऽ आलं. पिराजीचं. मग त्याच्या बायकोचं. मग वीस गव्यांचं, भरघोस, त्याच जागी, त्याच उंचीवर, जिथं नरहरबुवांनी सोडलं होतं तिथूनच. रोज संध्याकाळी नुसते उभे राहून त्यांनी तो गळा शिकून घेतला होता, हे त्यांचं त्यांनासुद्धा ठाऊक नव्हतं. सूर पुढे गेला. थोरलीनं पाऊल टाकलं. ती वळणाआड गेली आणि मागं वळली नाही.

नरहरबुवा मटकन खाली बसले. धाप लागली होती आणि हसतही होते. “यमे,” ते म्हणाले, “आता थंडी पडली तरी चालेल गं.”

“गप बसा,” यमूआक्का म्हणाल्या आणि डोळे पुसायला मान आत घेऊन बसल्या.

हे सगळं ओढ्यात उभं राहून आणखी एकानं ऐकलं. जीवनगौरव सोहळा सत्कारमूर्तीअभावी रद्द झाला होता, म्हणून बगळेसर उपाशीपोटी तिथं आले होते. जन्मात पहिल्यांदा ते डोळे उघडे ठेवून ऐकत राहिले. पायाजवळून चांगला वीतभर मासा गेला, त्यांना पत्ता नाही. घरी जाईपर्यंत त्यांच्या कानांत तो सूर होता.

पण सोमवारी यादी तर लावायलाच हवी. त्यांनी तिसरं नाव खोडलं आणि बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं, ‘जय रानोबा : आता पूर्वीसारखे वाजवत नाहीत.’

संध्याकाळी तळ्याकाठी दोघी सशिणी भेटल्या.

“वाचलंस? जय रानोबात आता ती मजा राहिली नाही म्हणे.”

“अगं, मी तर केव्हापासून सांगतेय सगळ्यांना! पूर्वी काय वाजवायचे!”

लांब, डोंगराच्या बाजूला कुठेतरी वीसएक गवे हंऽऽ करत होते. सशिणींनी कान टवकारले आणि म्हणाल्या, “श्शू! कोण ओरडतंय ते?”

तात्पर्य, तेवढं वहीत लिहून घ्या : उपेक्षित कलावंतांची शिफारस जरूर करावी. त्यांच्यासाठी सुस्कारे सोडावेत, सत्कार तर अवश्य करावा. पण त्यांना ऐकू मात्र नये. ऐकलं की ते उपेक्षित राहत नाहीत, आणि मग आपल्यासारख्या रसिकांनी करायचं काय? आणि हो, साळिंदराला शाल देऊ नये.